हा मेल जंक नाही

१

पृथ्वीराजचं काम घरूनच चालायचं. मंगळवार पेठेतल्या घराची पुढची खोली हेच त्याचं ऑफिस. एक लांब टेबल, दोन मॉनिटर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना तो ओतीव लोखंडी भागांची, म्हणजे कास्टिंगची, ड्रॉइंग करून द्यायचा. सगळी देवाणघेवाण मेलवर. सकाळी चहाचा कप घेऊन बसायचं, मेलचा प्रोग्रॅम उघडायचा आणि आधी कचरा काढायचा. परदेशातली लॉटरी, टक्कल घालवायचं तेल, कुठल्यातरी बँकेच्या नावानं आलेली धमकी. एकेका मेलवर जायचं आणि ‘जंक’ दाबायचं. ही झाडलोट त्याला आवडायची. प्रोग्रॅम त्याच्याकडून शिकत जायचा आणि तसले मेल पुढं आपणहून बाजूला टाकायचा.

घरात तो आणि आई. लग्न जमता जमता राहून गेलं होतं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत तिला सगळे ‘बाई’च म्हणायचे. ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गात ती टॅबलेट वापरायला शिकली आणि तिनं मुलाला मेल करायला सुरुवात केली. दोघांच्या मध्ये एक भिंत. पण, “तू कामात असतोस, हाक मारली की खेकसतोस,” असं म्हणून ती आतल्या खोलीतून मेल करायची. जेवायला ये. दूध नासलंय, बाहेर गेलास की आण. डोळ्यांना थंड पाणी लाव.

एकदा एका मोठ्या फाउंड्रीच्या लोकांबरोबर कॉल चालू होता. पृथ्वीराजचा स्क्रीन सगळ्यांना दिसत होता. तो ड्रॉइंगमधली एक जाडी समजावत असताना कोपऱ्यात मेल आल्याची पट्टी वर आली. ‘पृथू बाळा, सकाळी पोट साफ झालं का? इसबगोल ओट्यावर ठेवलंय.’

पलीकडच्यांनी ती वाचली. मग कुणीतरी म्हणालं, “सर, आधी इसबगोल घ्या, मग जाडी बघू.” सगळे हसले. पृथ्वीराजही हसला. कान तापले होते ते कॉल संपेपर्यंत तापलेलेच राहिले. कॉल संपल्यावर त्यानं तो मेल निवडला आणि ‘जंक’ दाबलं. मग आईचे जुने मेल शोधून काढले, सगळे एकदम निवडले आणि परत तेच बटण दाबलं.

आईला तो काही बोलला नाही. ती विचारायची, “मेल बघितलास व्हय?” तो म्हणायचा, “बघतो.” थोड्या दिवसांनी ती स्वप्नालीकडं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीकडं, गारगोटीला राहायला गेली. त्यानं तिला स्टँडवर सोडलं. एसटी सुटायच्या आत तो परत फिरला होता, कारण एक ड्रॉइंग अर्धं राहिलं होतं.

२

घर शांत झालं. सुरुवातीला त्याला ते बरंही वाटलं.

मग एका दुपारी तो हात धुवायला मोरीत गेला, तर फरशी ओली होती. आंघोळ सकाळी झालेली, नळ घट्ट बंद. पाणी मुरत नसेल, असं म्हणून त्यानं विषय सोडला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कप पालथा घालून ठेवलेला दिसला. त्याच्या कडेनं पाण्याचा गोल उमटलेला. पृथ्वीराज कप कधीच पालथा घालत नसे. की आज घातला? काम डोक्यात असलं की माणूस काय करतो, ते त्याचं त्याला कळत नाही.

दोरीवरचे शर्ट काढून, घड्या घालून पलंगावर ठेवलेले सापडले. बाह्या आत दुमडलेल्या. ही आईची पद्धत. पण ती पद्धत त्यालाही येत होती, लहानपणी तिनंच शिकवली होती. म्हणजे आपणच घातल्या असणार.

आवाज मात्र त्याला कुठं बसवता येईनात. आतल्या खोलीत काहीतरी किणकिण व्हायची, बांगड्या मनगटावरून खाली सरकल्यासारखी. तो कान द्यायचा आणि कान दिला की आवाज थांबायचा. नेमका थांबायचा असंही नाही. लक्ष दिलं की तो ऐकू येईनासा व्हायचा, एवढंच. खिडकीबाहेर कुणी भांडी घासत असेल. मांजर असेल.

आणि उजव्या खांद्याची शीर उडायला लागली होती. काम करता करता तिथं काहीतरी हलकंसं वाटायचं आणि तो खांदा झटकायचा. दिवसभर माऊस धरून बसल्यावर दुसरं काय होणार? शीर काही उडायची थांबेना, आणि झटका देणंही अंगवळणी पडलं.

याच दिवसांत गल्लीतलं वागणं बदललं. समोरचे आकाराममामा रोज दारात बसून पेपर वाचायचे आणि हा दिसला की, “काय साहेब, चाललंय न्हवं काम?” असं ओरडून विचारायचे. आता हा दिसला की पेपर वर जायचा. डेअरीतल्या दूध विकणाऱ्या बाईनं त्याच्याकडं न बघता पिशवी पुढं सरकवली. आपलं काय चुकलं, ते त्याला आठवेना. तरी जाता येता त्याची मान आपोआप खाली जायला लागली, काहीतरी चुकलेल्या माणसासारखी.

३

मेलच्या प्रोग्रॅमची कटकट उपटली ती तेवढ्यात. शिरोलीच्या एका मालकांचा फोन आला. त्यांनी मराठीतून सविस्तर मेल केला होता, दोनदा आठवण केली होती, उत्तर नाही म्हणून ते भडकले होते. पृथ्वीराजनं शोधलं, तर तिन्ही मेल जंकमध्ये. अजून खाली गेला, तर बरेच कामाचे मेल तिथंच पडलेले.

त्यानं राजारामपुरीतल्या प्रियदर्शनीला बोलावलं. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याची मशीन तीच बघायची. ती दुपारी आली, कानातल्या इअरफोनची काळी वायर तशीच ठेवून खुर्चीत बसली आणि सेटिंग उघडून बघायला लागली.

“तुम्हीच शिकवलंय याला,” ती म्हणाली.

“मी? मी तर लॉटरीबिटरीच टाकतो.”

“नाही, मराठी मेल टाकलेत. भरपूर, एकदम. हा प्रोग्रॅम स्वतःचं डोकं चालवत नाही, सर. तुम्ही ज्याला नको म्हणाल त्याची खूण धरतो. तसलं पुन्हा आलं की बाजूला. खूणगाठ पक्की झाली की मग तुम्हाला विचारत पण नाही.” तिनं यादी वर खाली केली. “हे बघा, यातले बरेच एकाच पत्त्यावरनं आलेत. हे जंक नसणार. बाहेर काढू का? मग ‘जंक नाही’ म्हणून सांगितलं की हळूहळू—”

“राहू द्या,” पृथ्वीराज घाईनं म्हणाला. तिनं पत्ता वाचला असेल का? त्यात आडनाव सरळ दिसत होतं. “ते मी बघतो. तुम्ही फक्त फाउंड्र्यांचं तेवढं करा.”

ती फाउंड्र्यांचे पत्ते ओळखीच्या यादीत घालायला लागली. मध्येच तिनं मान वर केली, आतल्या दाराकडं बघितलं आणि हसली. “नमस्कार,” ती म्हणाली. मग, “नाही नाही, कशाला… बरं, एकच चमचा साखर.”

फोनवर बोलत असेल, कानात वायर आहे. पृथ्वीराजनं खिडकीबाहेर बघितलं. कुणाचं फोनवरचं बोलणं आपण ऐकू नये.

थोड्या वेळानं त्याचं लक्ष गेलं तेव्हा ती चहा पीत होती. त्यानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. त्याचा कप त्याच्या हातात होता, सकाळचा, रिकामा. मग हा चहा आपण केला? केला असेल. आल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय आपण जाऊ देत नाही. पण गॅसपाशी गेल्याचं आठवेना आणि आलं घातल्याचा वास तर खोलीभर होता.

निघताना प्रियदर्शनी दाराशी थांबली. त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, “चहा फक्कड झालेला.” पायरी उतरल्यावर तिचा आवाज खाली आला. “सर, हे माझं काम नाही. पण एवढा वेळ त्या उभ्या होत्या. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?”

“कोण उभं होतं?”

तिनं मग हेल्मेट घातलं आणि गाडी चालू केली.

४

दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी पडावंच लागलं. डेअरीतून परत येताना आकाराममामा वाटेतच उभे राहिले. आजूबाजूला चार माणसं होती. मामांचा आवाज मुळातच मोठा.

“पृथ्वीराज, जरा थांब. तुला लाज वाटत न्हाय व्हय रं?”

“काय झालं, मामा?”

“काय झालं म्हणून मला इचारतोस? बाई दिसभर उंबऱ्यात बसून असत्यात. तू त्यांच्या अंगावरनं जातोस, अंगावरनं येतोस. त्या हाका मारत्यात, आमाला हितपर्यंत ऐकू येतंय. मागं एकदा तर हातावर पाय दिऊन गेलास. ह्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना अक्षर लावलंय त्या माउलीनं!”

“आई गारगोटीला आहे, मामा. स्वप्नालीकडं.”

कुणीतरी चुकचुकलं. मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावरचा रागच गेला. त्यांनी त्याच्या घराकडं बोट केलं.

“मग त्या कोण बसल्यात?”

पृथ्वीराजनं वळून पाहिलं. दार उघडं होतं. उंबऱ्यावर ऊन पडलेलं. एका बाजूला पायपुसणं. बाकी काही नाही. तो डोळे ताणून बघत राहिला. उंबऱ्यावर काहीच नव्हतं, पण बघता बघता त्याची नजर तिथून घसरत होती. चौकटीवर जायची, पायपुसण्यावर जायची, मधल्या त्या हातभर जागेवर मात्र ठरेना.

चेष्टा करताहेत? सगळ्यांनी मिळून? आकाराममामा सत्तरीचे, त्यांना कसली चेष्टा सुचणार? मग डोकं आपलं फिरलंय? पण ड्रॉइंगमधलं दशांशापुढचं मोजमाप तर चुकत नाही.

तो घराकडं चालत गेला. मागं सगळे बघत होते. उंबऱ्यापाशी आल्यावर काय झालं कोण जाणे, त्यानं पाय नेहमीपेक्षा उंच उचलला. कुणाला लागू नये म्हणून उचलावा तसा. मागून एका बाईचा रडवेला आवाज आला, “बघितलासा? कळतंय की त्याला. सगळं कळतंय!”

५

आत येऊन त्यानं दार लोटलं आणि स्वप्नालीला फोन लावला.

“आई कशी आहे?” त्यानं विचारलं.

“आता इचारालाईस?” तिचा आवाज धारदार होता. “आई तुझ्यापशीच हाय की. पंधरवडा झाला इथनं जाऊन. तिनं तुला मेल केलता, स्टँडवर न्यायला ये म्हणून. बाकावर बसून ऱ्हायली अंधार पडंपर्यंत. मग रिक्षानं घरी गेली.”

पृथ्वीराज खुर्चीत बसला.

“रोज फोन करत्या मला,” स्वप्नाली म्हणाली. “म्हणत्या, पृथू बघतो आणि नजर दुसरीकडं नेतो. खांद्यावर हात ठेवला तर झटकतो. काय केलंय रं तिनं तुझं? मी तुला दोन मेल केले. उत्तर सुद्धा न्हाई.”

स्वप्नालीचे मेल. मराठीतून आलेले, आईचं नाव असलेले. म्हणजे तेही जंकमध्येच.

“फोन दे तिला,” ती म्हणाली. “स्पीकरवर कर आणि दे.”

“कुठाय ती?”

“मला काय इचारतोस? घरात तू हाईस.”

तो उठला. आतली खोली रिकामी होती. पलंगावरची गोधडी घडी घातलेली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी नुकतीच काढून ठेवलेली, कुकर कोमट. त्यानं ओट्यासमोर उभं राहून फोन पुढं धरला. हवेत, कुणाच्या तरी तोंडाच्या उंचीवर. ती उंची त्याला आठवावी लागली नाही.

“आई?” फोनमधून स्वप्नाली म्हणाली. “हां, मीच. जेवलीस?”

मग शांतता.

“आणि गोळ्या?”

शांतता. कोपऱ्यातल्या माठातून थेंब पडत होता, तेवढाच आवाज.

“न्हाई, तू रडू नको आधी. काय म्हणतोय तो?… हां… हां… असं कसं, आई? असं कसं म्हणतीस?”

पृथ्वीराजनं फोन दोन्ही हातांनी धरला. तो पुढं वाकून ऐकत होता. बहिणीच्या प्रत्येक वाक्यानंतर एक पोकळी यायची आणि ती पोकळी भरलेली आहे, हे त्याला कळत होतं. काहीच ऐकू येत नाही असं नव्हतं. ऐकू येईल असं वाटलं की नेमकं मन दुसरीकडं जायचं, उद्याच्या ड्रॉइंगकडं, माठाच्या थेंबाकडं. फोनच्या काचेवर मात्र वाफ धरत होती आणि विरत होती.

“दादाला दे,” स्वप्नाली शेवटी म्हणाली.

त्यानं फोन कानाला लावला. काच ओलसर होती. “काय म्हणाली?”

“म्हणाली, त्याला काय बोलू नको. कामाच्या गडबडीत असतोय.” स्वप्नालीनं नाक ओढलं. “दादा, तिच्याकडं बघ की रं एकदा. समोरच उभी हाय न्हवं?”

“हो,” पृथ्वीराज म्हणाला. “बघतोय.”

६

त्यानं मशीन चालू केली, प्रियदर्शनीला फोन लावला आणि ती सांगेल तसं करत गेला. प्रोग्रॅमला शिकवलेलं सगळं पुसायचं बटण तिनं शोधून दिलं. त्यानं ते दाबलं.

“झालं,” ती म्हणाली. “आता तो कोरा आहे. त्याच्याकडून काही अडणार नाही. आता ते जंकमधले मेल निवडा आणि ‘जंक नाही’ म्हणा.”

सगळे एकदम निवडणं त्याच्यानं झालं नाही. तो एकेक उघडायला लागला. तीन, चार शब्दांचे मेल. भात लावलाय. तुझी खुर्ची वाजते, तेल घाल. स्टँडवर आहे. पृथू, मी आले. पृथू, काही चुकलं का माझं? वर पट्टी यायची, हा मेल जंक आहे असं वाटतं. तो ‘जंक नाही’ दाबायचा, पट्टी जायची, मेल आपल्या जागी जायचा. दुपार कलत होती. त्याच्या तोंडातून शब्दही निघायला लागले. “जंक नाही. जंक नाही.” आपण मोठ्यानं बोलतोय हे कळल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग खोलीत आई ऐकत असेल, मुलाच्या तोंडून स्वतःसाठी ‘जंक’ हा शब्द ऐकत असेल, हे ध्यानात आल्यावर त्याला वर बघवेना.

शेवटचा मेल आजचा होता, त्याच दुपारचा. त्यात काही लिहिलेलं नव्हतं. नुसतं त्याचं नाव.

त्यानं बटण दाबलं.

“—थू,” कुणीतरी म्हणालं. कानाशी, अगदी जवळ.

त्यानं डोळे वळवले. उजव्या खांद्यावर हात होता. मनगट बारीक झालेलं, बांगड्या खाली घसरू नयेत म्हणून त्यांना दोरा बांधलेला. हातामागं निळं लुगडं. त्याच्याही वर चेहरा, वीतभर अंतरावर, इतका जवळ की नीट दिसेना. ओठ हलत होते. किती वेळ हलत असतील, कोण जाणे. डोळे त्याच्यावर होते आणि त्यांत काडीचाही राग नव्हता. राग असता तर त्याला बघवलं असतं.

त्याला म्हणायचं होतं, आई. तोंड उघडलंही.

तेवढ्यात त्याचा खांदा उडाला. त्यानं उडवला नाही. इतक्या दिवसांची सवय, आपोआप उडाला. जोरात.

खांद्यापाशी आता कुणी दिसेना. मागं, आतल्या दारातून तोल जाऊन कुणीतरी पडल्याचा आवाज झाला. तो धावत गेला. आतल्या खोलीत पलंग होता, घडी घातलेली गोधडी होती, खिडकीतून येणारं तिरकं ऊन होतं. तो फरशीवर गुडघे टेकून हातांनी चाचपडत राहिला, चष्मा पडलेल्या माणसासारखा. बोटांना काही लागत होतं की नाही, तेही त्याला नीट कळेना.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वप्नाली गाडी घेऊन आली. ती थेट आत गेली. आतून तिचा रडण्याचा आणि बोलण्याचा आवाज येत होता, मध्येमध्ये त्या पोकळ्या. पृथ्वीराज पुढच्या खोलीत उभा होता. त्यानं सांगायचं ठरवलं होतं. ती पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा त्यानं सांगितलं.

“स्वप्ना, मला ती दिसत नाही. खरंच दिसत नाही.”

“ते सगळ्या गल्लीला कळलंय, दादा,” ती म्हणाली.

“तसं नव्हे गं—”

“पिशवी घे तेवढी.”

त्यानं पिशवी घेतली. स्वप्नालीनं एक हात बाजूला धरला, कोपरात वाकवून, कुणाला तरी आधार देत. तिच्या ड्रेसची बाही एका जागी दबलेली होती, चार बोटांएवढी. ती सावकाश चालायला लागली. उंबऱ्याशी थांबली. “हळू,” म्हणाली. पायऱ्या एकेक करून उतरली.

गल्ली बाहेर आली होती. आकाराममामा डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते. डेअरीवाली बाई पदरानं डोळे पुसत होती. कुणीतरी “या हं बाई, लवकर या” म्हणालं. दोघं तिघं पुढं होऊन वाकले, पाया पडले आणि मागं सरले.

पृथ्वीराजनं पिशवी डिकीत ठेवली. मग तो सगळ्यांच्या मध्ये आला. स्वप्नाली गाडीच्या दाराशी उभी होती. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर तो वाकला आणि दोन्ही हात गल्लीतल्या फरशीवर टेकवले.

“आई,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

फरशी थंड होती.

“दादा,” स्वप्नाली हळूच म्हणाली. तिच्या आवाजातली धार पहिल्यांदाच गेली होती आणि तिथं भीती आली होती. “आई हिकडं हाय. माझ्या ह्या बाजूला.”

तो वाकलेलाच वळला. हात सरकवले, फरशीवरून, आवाजाच्या रोखानं. “इथं?”

“न्हाय.”

त्यानं हात अजून पुढं नेले. “इथं?”

आकाराममामांनी तोंड फिरवलं. माणसं एकेक पाऊल मागं सरकल्याचं त्याला फरशीवरच्या सावल्यांवरून कळलं.

“राहू दे, दादा,” स्वप्नाली म्हणाली. “ती खाली बसायला लागल्या. तुझ्यासमोर. तू हात नको हलवू, तिला लागंल.”

त्यानं हात हलवले नाहीत. मान वर करायचा धीर झाला नाही. गाडीचं दार लागलं, इंजिन चालू झालं, आवाज गल्लीच्या टोकाशी जाऊन वळला. माणसं घरात गेली असावीत. तो तसाच वाकून राहिला, ती गेली की अजून समोर आहे, हे त्याला कुणीतरी सांगेल, याची वाट बघत.